टाकीपर्यंतचा उजेड

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बीदरच्या बसमधून पार्सल उतरलं. कंडक्टरनं ते खिडकीतूनच खाली दिलं, अंबिकानं घेतलं आणि बस औरादच्या दिशेनं निघून गेली. खोकं दोन काडेपेट्यांएवढं. आत रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन तांब्याच्या चकत्या आणि प्रत्येक चकतीवर मधोमध एक एलईडीची चिप, मसुरीच्या डाळीएवढी. एक पांढरा उजेड देणारी, दुसरी पिवळसर. पांढरी चिप गावातल्या प्रभुलिंगनं सांगितलेली होती. पिवळी अंबिकानं घरासाठी मागवली होती आणि ती मागवल्याचं घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

संतपूरच्या बस थांब्यासमोर तिचं 'माउली इलेक्ट्रॉनिक्स' आहे. आठ बाय दहाचं दुकान. वडील तात्याराव औरादला रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलाखाली बसून ती तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकली. पुढं आयटीआय केलं, लग्न होऊन संतपूरला आली, आणि सासऱ्यांनी रस्त्याकडच्या जागेत दुकान काढून दिलं. आता मोबाइल दुरुस्त करते, मिक्सर करते, पण पंचक्रोशीत तिचं नाव आहे ते बॅटरीसाठी. बॅटरी म्हणजे हातातला टॉर्च. आतल्या सेलला इथं सेलच म्हणतात. बाजारात मिळणारी स्वस्त बॅटरी दोन महिन्यांत मंद होते. अंबिका तिची जुनी चिप काढते, चांगली चिप बसवते, तारा जाड घालते. मग ती बॅटरी तीन-चार वर्षं चालते.

बॅटरी चांगली की वाईट, हे ठरवायची संतपूरची एक रीत आहे. अंधार पडला की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहतं आणि गावाच्या चढावर असलेल्या पाण्याच्या टाकीवर झोत मारतं. टाकी पांढरी, उंच, आठ खांबांवर उभी. झोत टाकीवर गोल उमटला तर बॅटरी पास. न उमटला तर परत. तीन वर्षांपूर्वी अंबिकानंच शटरवर रंगवून घेतलं होतं : 'टाकीपर्यंत उजेडाची खात्री'. शेजारी टाकीचं चित्र. आता त्या चित्राचे खांब खरवडले गेले आहेत, अक्षरं मात्र शाबूत आहेत.

साडेअकराला प्रभुलिंग आला. त्याचं रान अंबिकाच्या रानाला लागून, मध्ये एक बांध.

"अक्का, आली का आमची चिप?"

"आली. बसा अण्णा. अर्धा तास लागंल."

"सोमवारच्या आधी पायजे बग. सोमवारपासून आपल्या फीडरला संध्याकाळची पाळी हाय. सहा ते एक."

"मालूम हाय."

वीज कंपनीच्या माणसानं तो तक्ता गावाच्या ग्रुपवर टाकला होता. शेतीच्या मोटारींना थ्री फेज, सोमवार ते पुढचा रविवार, संध्याकाळी सहा ते रात्री एक. ज्वारी कणसावर, निसवायला आलेली, हरभऱ्याला पाणी हवं, आणि एका फीडरवरच्या चाळीस-पंचेचाळीस शेतकऱ्यांना त्याच सात तासांत आपापल्या रानात उभं राहायचं होतं. त्या सात तासांत कोणी कोणाच्या रानात मदतीला येऊ शकत नाही.

अंबिकानं दोन्ही चकत्या टेबलावर ठेवल्या. "अण्णा, एक सांगू का? पांढरी चिप लांब फेकती, पण पायाजवळ काय दिसत न्हाई. आणि त्या उजेडात सगळं एकाच रंगाचं दिसतंय, राखेसारखं. ही दुसरी बगा. उजेड कमी, पण रंग खरा दिसतो. पाला पाल्यासारखा, माती मातीसारखी."

प्रभुलिंगनं पिवळी चिप सेलला लावून बघितली. तळहातावर उजेड पाडला. "ह्यो तर हळदीचा उजेड हाय. माझ्या रानात काय लगीन हाय का?"

"हसू नका. रानात पाय ठेवायचाय, टाकीवर न्हाई."

"टाकीपर्यंत जातो का ह्यो?"

"न्हाई. अर्ध्या वाटेत संपतो."

"मग माझी पांढरीच बसव. लोक काय म्हणतील, प्रभुलिंगची बॅटरी टाकीपर्यंत जाईना." तो उठला. "अक्का, शटरवर तूच लिवलंयस की."

तो गेला तशी अंबिका टेबलाशी बसली. तिनं प्रभुलिंगची बॅटरी उघडली, जुनी चकती काढली, खालची जागा पुसून पांढरी पेस्ट लावली, नवी चकती दाबून बसवली, दोन तारांना डाग दिला. मग खणातून घरची बॅटरी काढली. ॲल्युमिनियमची, काळी, घेराला एके ठिकाणी दबलेली. ती अकरा महिने आणि काही दिवस त्या खणात पडून होती.

गेल्या वर्षी एकोणीस डिसेंबरला संध्याकाळी सव्वासातला तिचा नवरा शिवशंकर हीच बॅटरी घेऊन रानात होता. हिच्यात पांढरी चिप होती, अंबिकानं बसवलेली. पलीकडच्या बांधावर रानडुकरं आल्यासारखी वाटली म्हणून त्यानं झोत तिकडं धरला होता आणि तुरीच्या ओळीतून दोन पावलं टाकली होती. डाव्या पायाला चावा बसला. बीदरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी साप कुठला असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साप दिसला न्हाई. बांध तेवढा दिसत हुता." घोणस असावी, असं जखमेवरून आणि रक्तावरून ठरलं. एकवीस दिवस दवाखाना, तीनदा डायलिसिस, मांडीची कातडी काढून पायावर लावली. तो वाचला. पायाच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. चिखलात, ओलीत जास्त वेळ उभं राहायचं नाही, असं लिहून दिलेलं आहे.

तो दवाखान्यात असताना चौथ्या दिवशी ती एकदा घरी आली होती. तेव्हा ती बॅटरी घेऊन रानात गेली. तुरीच्या दाट ओळीत भरदिवसा बऱ्यापैकी सावली असते. तिथं वाकून तिनं खाली उजेड पाडला. वाळलेला पाला, ढेकळं, काटक्या, सगळं एकसारखं राखाडी दिसलं. मग तिनं बॅटरी बंद केली, डोळे थोडे सरावले आणि पाल्याचा तांबूस रंग दिसायला लागला. ती किती वेळ बॅटरी चालू-बंद करत तिथं उभी होती ते तिला आठवत नाही. रंग नीट दिसण्याचाही एक आकडा असतो आणि तो चिपेसोबत छापलेला असतो, हे तिला आयटीआयपासून माहीत होतं. पांढरीचा सत्तर, पिवळीचा पंच्याण्णव. पण तो आकडा कोणी विचारत नव्हतं, आणि जे कोणी विचारत नाही ते तीही बघत नव्हती.

दुपारी एकला ती दोन्ही बॅटऱ्या घेऊन घरी गेली.

घरी सासरे भगवानराव ओट्यावर बसून दोर वळत होते. वय त्र्याहत्तर. या पाळीला रानात जायचं ते त्यांनी, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं पिकाला पाणी देत दांड धरलेला माणूस. पोराचा पाय असा, सून दुकानात. मग उरलं कोण? एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी शिबिरात झालं होतं. दुसऱ्याचं 'पुढच्या वर्षी' असं दरवर्षी चाललं होतं.

"मामा, जरा पत्र्याच्या खोलीत या," अंबिका म्हणाली. "बॅटरी बगायची हाय."

"दुपारच्याला? डोकं फिरलंय का पोरी?"

"खिडकीला पोतं लावते. अंधार होतोय."

सोयाबीन विकल्यापासून खोली रिकामी होती. तिनं शिवशंकरला सांगून रानातून दोन टोपली तुरीचा पडलेला पाला आणवला होता, काळी माती आणवली होती. ते सगळं खाली पसरलं. मग शिवशंकरचा जुना तपकिरी कमरेचा पट्टा घेतला, त्याचे सहा तुकडे केले आणि मार्करनं प्रत्येकावर काळ्या टिकल्यांच्या तीन-तीन ओळी काढल्या.

शिवशंकर दारात लंगडत उभा होता. "माझाच पट्टा सापडला व्हय? साप तुझा आणि पँट माझी पडायची."

"तुमची पँट दोरीनं बांधा. बाहीर थांबा, लपवू द्या मला."

तुकडे पाल्यात इकडं तिकडं ठेवले. अर्धे झाकलेले, अर्धे उघडे. दार ओढून घेतलं. खोलीत अंधार झाला तसा पत्र्याच्या भोकांतून चार-दोन उन्हाचे ठिपके राहिले, तेही तिनं चिंध्या कोंबून बुजवले. मग शिवशंकरच्या हातात आधी पांढरी दिली. काठीच्या अंतरावरून बघायचं, वाकायचं नाही, चालताना जसं बघतो तसं.

"एक. दोन. त्यो एक, तीन. चार." बराच वेळ गेला. "चारच."

मग घरची बॅटरी, नवी पिवळी चिप घातलेली.

"अगं," शिवशंकर म्हणाला. मग पाय भिंतीला टेकवून त्यानं मोजले. "सहा. हे दोन मगाशी माझ्या पायाजवळच हुते की."

"व्हय."

"पायाजवळ हुते अंबिका."

"व्हय म्हणलं की. चला, आता मामांना बगू द्या."

भगवानराव आत आले. दाराबाहेर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्रभुलिंगची पांढरी बॅटरी त्यांनी हातात घेतली आणि झोत समोरच्या भिंतीवर मारला. भिंत लख्ख झाली. "ह्याला म्हणतेत उजेड!"

"खाली बगा मामा. मोजा."

"सहा."

लगेच म्हणाले. अंबिकाला क्षणभर बरं वाटलं. म्हाताऱ्याचा डोळा पोरापेक्षा बरा, असंही वाटलं. मग लक्षात आलं की झोत अजून भिंतीच्या कडेलाच होता. खाली पाल्यावर तो आलाच नव्हता.

"आता ही बगा," म्हणून तिनं पिवळी त्यांच्या हातात दिली. देताना वाकली, आणि आधी पायानं चाचपून ठेवलेले दोन तुकडे उचलून पदरात घेतले.

"सहा," भगवानराव म्हणाले.

तिनं आणखी दोन उचलले. बॅटरीच्या उजेडातच उचलले. तिचा हात, बांगड्या, तुकडा, सगळं त्या उजेडात होतं. शिवशंकर बघत होता. तो काही बोलायला गेला तर तिनं नुसती मान हलवली. राहिलेले दोनही उचलले.

"मामा, पुन्हा एकदा मोजा."

"किती बार मोजायचं? सहा म्हणलं की. कामून विचारायलीस?"

खोलीत पाल्याचा वास भरला होता. अंबिकानं पदर खोलला आणि सहाही तुकडे शेजारच्या पोत्यावर एकेक करून ठेवले. आवाज येईल असे ठेवले. भगवानरावांनी हात पुढं केला, चाचपले. अंगठ्यानं एका तुकड्याची कड दाबून बघितली.

"कधी उचललीस?"

"मगाशीच."

त्यांनी तुकडा पोत्यावर ठेवला. बॅटरी तिच्या हातात देऊन, दाराची चौकट धरून, बाहेर गेले. ओट्यावर बसले आणि दोर पुन्हा हातात घेतला. दोर वळायला डोळे लागत नाहीत.

त्या संध्याकाळी साडेसहाला, अंधार पडल्यावर, ते आपणहून दुकानावर आले. घरची बॅटरी मागून घेतली. पायरीवर उभं राहून टाकीच्या दिशेनं धरली आणि बटण दाबलं.

"चालू झाली का?"

"चालू हाय मामा."

"मग कुठं हाय उजेड?"

रस्त्याच्या पलीकडं लिंबाच्या बुंध्यापर्यंत पिवळसर उजेड पसरला होता. बुंध्याच्या खरबरीत सालीचा रंग दिसत होता, खाली बसलेलं तांबडं कुत्रं तांबडं दिसत होतं. अंबिकानं ते सांगितलं नाही. तिनं खणातून प्रभुलिंगची बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बटण दाबलं. चढावरच्या टाकीवर पांढरा गोल उमटला. बस थांब्यावरच्या दोघा-तिघांनी मान वर करून बघितलं.

"हां," भगवानराव म्हणाले. "आता दिसलं."

ते तसेच उभे राहिले, हात न हलवता, सेल उतरेल याचा विचार न करता. मग म्हणाले, "त्या डॉक्टरानं डोळ्यात भिंगाचा गोळा बसवला तवा चांगलं दिसायचं. मागच्या उन्हाळ्यापासनं धूर धूर व्हायलाय. जवळचं तर काय कळतच न्हाई. टाकी तेवढी दिसती. बॅटरी लावली, टाकी दिसली, की मला कळतंय बॅटरी लागली. ह्या तुझ्या पिवळीत मला कळतच न्हाई, लागली का इझली."

"आधी कामून न्हाई सांगितलं?"

"सांगून काय? शिवाचा पाय आधी व्हायचा हुता."

अंबिकानं बॅटरी त्यांच्या हातातून घेतली, बंद केली, खणात ठेवली. थकवा तिला पाठीत जाणवत होता, डाग देताना वाकून बसल्यावर येतो तसा. तिनं तिथूनच फोन लावला; बीदरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं बुधवारचा नंबर मिळाला. फोनवरच्या बाईनं सांगितलं, गोळा बसवल्यावर मागं पडदा धरतो कधीकधी, साधं असतं, आधी दाखवा तर.

रविवारी तिघांत ठरलं. म्हणजे दोघांत ठरलं आणि तिसऱ्याला सांगितलं. सोमवारी शिवशंकर जाईल. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, आतून पायाला प्लॅस्टिक गुंडाळून, पिवळी बॅटरी घेऊन. सहाला करंट आला की मोटार आपोआप सुरू होते. पहिला तासभर पाणी हौदात पडतं. त्यामुळं दांड धरायला सातला निघालं तरी चालतं. आठला दुकान बंद करून अंबिका रानात जाईल आणि तो परत येईल. भगवानराव घरी थांबतील.

"घरी काय करू?" त्यांनी विचारलं.

"बातम्या ऐका," शिवशंकर म्हणाला.

"ऐकायलाच ऱ्हायलंय आता." एवढंच म्हणून ते ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच होती.

अंबिकाला ती अर्धी भाकरी दिसली. त्यावर बोलायचं असं तिच्या मनात आलं. पण भांडी होती, सोमवारचे दोन मोबाइल उघडून ठेवलेले होते, आणि बुधवार फक्त तीन दिवसांवर होता.

सोमवारी दुपारी तीनला भगवानराव चहाची किटली घेऊन दुकानावर आले. रोजच येतात, बस थांब्यापर्यंतची वाट त्यांच्या पायांना पाठ आहे. अंबिका एका मोबाइलच्या पट्टीला डाग देत होती, मान खाली. त्यांनी कपात चहा ओतला, कपाच्या काठावर बोट ठेवून, बोटाला चटका लागेपर्यंत. मग खणाशेजारच्या स्टुलावर बसले.

"प्रभुलिंग न्हाई आला व्हय?"

"संध्याकाळी येणार हाय."

"त्याची बॅटरी झाली का?"

"शनिवारीच झालीय मामा. तुमीच तर लावून बगितली."

"व्हय की."

ते थोडा वेळ बसले. पावणेचारला गिऱ्हाईक आलं, अंबिका चार्जरची वायर दाखवायला उठली. ती परत टेबलाशी आली तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि किटली तिथंच होती. किटली विसरले, असं तिला वाटलं.

सहाला करंट आला. थ्री फेजचा भार पडला की दुकानातला बल्ब क्षणभर दबतो, तसा दबला. शिवाराकडून मोटारींचा आवाज यायला लागला. साडेसहाला अंधार पडला.

सहा पन्नासला प्रभुलिंग आला. डोक्याला मफलर, खांद्यावर फावडं.

"दे अक्का माझी बॅटरी. पाणी सुटलं तिकडं."

तिनं खण ओढला. स्क्रू, जुन्या चिपा, तारांची भेंडोळी. दुसरा खण. टेबलाखालची पेटी. मग पुन्हा पहिला खण.

"कुणाला दिलीस काय?"

"न्हाई."

"मग पळून गेली काय? टाकीवाली हाय, लांब पळती." प्रभुलिंग हसला. ती हसली नाही तसा तोही थांबला.

सात वाजून चार मिनिटांनी टाकीवर पांढरा गोल उमटला.

बस थांब्यावरच्या कोणीतरी ओरडून सांगितलं, "टाकीपर्यंत गेला बगा!" प्रभुलिंग पायरीवर गेला. "आगं, हीच की माझी. असला गोल दुसऱ्या कुणाचा न्हाई. कुठनं यायलाय ह्यो? आपल्या रानाकडनं?"

अंबिकानं शिवशंकरला फोन लावला.

"अहो, मामा घरात हायत का?"

"न्हाईत. तुझ्याकडं बसलेत म्हणून मी निवांत हाय. चहा घेऊन गेले तवापासनं न्हाईत."

"बूट?"

"बूट हितंच हायत. आत्ता घालायलो. कामून?"

"टाकीवर बगा."

घराच्या अंगणातून टाकी दिसते. फोनमध्ये पत्र्याचं दार उघडल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, "निघालो."

"पिवळी घ्या. मोटारसायकलच्या उजेडात ओळीत शिरू नका. हॅलो?"

फोन बंद झाला होता. तिनं भगवानरावांचा नंबर लावला. रिंग गेली. पूर्ण रिंग गेली, बाईचा कानडी आवाज आला, तिनं पुन्हा लावला. त्यांचा फोन बटणांचा आहे, घंटी मोठी. दांडावर उभ्या माणसाला ऐकू यायला हवी.

"अक्का," प्रभुलिंग म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "म्हातारा तुरीच्या कडनं गेला असंल का बांधानं?"

"त्यांना बांध दिसत न्हाई अण्णा."

"मग टाकीवर कसा मारला बरोबर?"

"टाकी दिसती."

प्रभुलिंगनं टाकीकडं बघितलं. मग फावडं खांद्यावरून उतरवून त्यानं पायरीला टेकवलं. "दुसरी कुठली हाय का बॅटरी? दे. मी बी जातो."

तिनं काचेच्या कपाटातली एक साधी बॅटरी काढून दिली, नवी, कंपनीची, आतली चिप अजून न बदललेली. प्रभुलिंग रस्ता ओलांडून निघाला. त्याच्या पायात चप्पल होती, हे ती बघत राहिली. हाक मारावी असं वाटलं तोपर्यंत तो वळणावरून गेला होता.

सात पंधराला शिवशंकरची मोटारसायकल शिवाराच्या वाटेला लागलेली दिसली. मग तिचा दिवा बांधाच्या कडेला थांबला आणि विझला. तिथून पुढं तुरीच्या ओळीतून पायी दोनशे पावलं. पिवळी बॅटरी इतक्या लांबून दिसत नाही. ती तशीच आहे. उजेड पायाजवळ ठेवते.

सात वीसला तिनं पुन्हा फोन लावला. रिंग गेली.

थांब्यावरची माणसं पांगली होती. शटर अर्धं ओढून अंबिका पायरीवर उभी होती, मान वर करून. हातात धरलेल्या बॅटरीचा झोत कधी स्थिर राहत नाही; श्वासानंसुद्धा गोल हलतो, टाकीच्या कडेला घसरतो, परत येतो. तिनं शेकडो गिऱ्हाइकांचे झोत त्या टाकीवर बघितले होते. शनिवारी हात न हलवता उभे होते तेव्हा भगवानरावांचाही गोल कडेला थरथरत होता.

सात वाजून बावीस मिनिटांनी टाकीवरचा गोल जागच्या जागी होता. तो हलत नव्हता.